कवीच्या घराला ऊन

सुमेधाकाकूंना कविता आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण काकू एका कवीचं स्मारक-घर सांभाळतात असं ऐकलं की लोक लगेच भाविकपणे मान डोलवायला लागतात. तो कवीही आपल्याकडचा नव्हे, बेलारूसचा. मिकोला हराबोक त्याचं नाव. देश सोडून अमेरिकेत आला, इथे आमच्या आयसेलिन गावात एका लाकडी घरात राहिला, दिवसा कारखान्यात आणि रात्री कागदावर राबला आणि इथेच गेला. काकू त्याला 'हराबोकसाहेब' म्हणतात आणि त्याच्या फोटोशी, वसतिगृहात उशिरा परतलेल्या मुलीशी बोलावं, तशा बोलतात.

त्याला कारण आहे. काकूंनी सगळी नोकरी नागपूरला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलाने, शंतनूने, त्यांना इकडे आणलं. शंतनू चांगला आहे. त्याची बायको रुचा त्याहून चांगली. पण चांगल्या माणसांचाही जाच होतो. काकूंनी पातेल्याला हात लावला की रुचा म्हणणार, "आई, तुम्ही बसा ना, जरा रिलॅक्स करा." डिशवॉशरमध्ये वाटी कशी तिरकी ठेवायची हे नात रुही त्यांना इंग्रजीतून शिकवणार. जिच्या एका खाकरण्यानं अख्ख्या इमारतीतले दिवे मालवले जात, ती बाई सोफ्यावर बसून रिलॅक्स करायला लागली. बघता बघता त्यांचं वजन वाढलं आणि आवाज बारीक झाला.

मी त्यांच्या शेजारी राहते. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम, तेही घरून. त्यामुळे मला माणसांतल्या चुकाही फार लवकर दिसतात, असं माझा नवरा म्हणतो. काकूंचं काहीतरी चुकतंय हे मला दिसत होतं, पण उपाय मात्र काकूंनी स्वतःच शोधला, आणि तोही भांडून.

दुपारी त्या फिरायला निघत. एकदा मागच्या गल्लीतल्या त्या लाकडी घराचं दार उघडं होतं आणि आत अनातोल नावाचे एक म्हातारे गृहस्थ धूळ झटकत होते. बेलारूसच्या लोकांची इथे एक संस्था होती. तिची तरुण मंडळी कुठे कुठे पांगली, जुनी एकेक करून गेली, आणि अध्यक्ष, सचिव, झाडूवाला असं सगळं मिळून अनातोल उरले. तर ते कोरडं फडकं आपटत होते आणि इकडची धूळ तिकडे बसत होती. काकू रस्त्यावरून बघत राहिल्या. मग त्यांना राहवेना. आत गेल्या, त्या माणसाच्या हातातून फडकं काढून घेतलं, ओलं करून पिळलं आणि म्हणाल्या, "लाइक धिस." दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. पंधरवड्यात अनातोलनी पुढच्या दाराची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मला विचाराल तर त्या माणसाला दुसरा इलाज नव्हता.

तेव्हापासून ते घर काकूंचं झालं. सकाळचा चहा झाला की कमरेला किल्ली खोचून निघायचं, ते संध्याकाळी परत. आवाज पूर्वीच्या पट्टीवर आला. घरी रुचा "बसा" म्हणाली तर खुशाल बसायला लागल्या, कारण दिवसभर तिकडे उभ्या असायच्या.

त्यांची घर दाखवायची पद्धत मी पाहिली आहे. दारात आलेल्याला पहिला हुकूम, "शूज आउट." मग बैठकीच्या खोलीतला टाइपरायटर, त्याकडे नुसतं बोट. मग स्वयंपाकघर, आणि इथे मुक्काम. हराबोकसाहेबांच्या बायकोचे बीट शिजवायचं पातेलं, तिची कढई, खिडकीतून येणारा वारा, सगळ्यावर काकूंचं सविस्तर भाषण. वर निजायची खोली, त्यात लोखंडी पलंग, पिसांची दुलई, आणि कुणी हात लावू नये म्हणून मधे दोरी. कवितेबद्दल कुणी विचारलंच तर इंग्रजी भाषांतराचा एक कागद त्याच्या हातात द्यायचा. तो काकूंनीही एकदा वाचला होता. "सगळीकडे धुकं, बर्चची झाडं आणि करकोचे," त्या मला म्हणाल्या. "जेवण वेळेवर नसलं की माणसाला असं सुचतं."

पण एका वस्तूपाशी काकूही आवाज खाली आणत. पुढच्या दाराशेजारी खुंटीला एक काळा जाड ओव्हरकोट टांगलेला होता. युद्धात गाव सोडलं तेव्हा हराबोकांच्या अंगावर हा कोट होता. इथे आल्यावर त्यांनी तो पुन्हा कधी घातला नाही. परत जायचा दिवस उगवेल तेव्हा घालायचा म्हणून दाराशी ठेवला, आणि दरवर्षी ब्रशने साफ केला. तो दिवस आला नाही. अनातोल ही गोष्ट सांगताना दर वेळी डोळे पुसत. काकू डोळे बिळे पुसत नसत, पण कोटाची कॉलर मात्र येता-जाता सरळ करत. "आम्ही पण दोन वर्षांसाठीच आलो होतो," असं मी एकदा गमतीत म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लिननचा टेबलक्लॉथ नीट करायला घेतला.

या मे महिन्यात एका संध्याकाळी काकू माझ्याकडे बसल्या असताना अनातोल पडेल चेहऱ्याने आले. हराबोकांची मुलगी वेरा टेक्सासहून येणार होती. घर तिच्या मालकीचं. तिने इतकी वर्षं ते संस्थेला वापरायला दिलं होतं. आता एका विद्यापीठाने वस्तू आणि कागद मागितले होते, तिचंही वय झालं होतं, तेव्हा रविवारी येऊन घर बघायचं आणि विकायचं की ठेवायचं ते ठरवायचं, असं तिने कळवलं होतं.

"टेक्सासला कुठे असते?" काकूंनी विचारलं.

"शुगर लँड. मुलीकडे."

"गाव साखरेचं आणि बाई कडू," काकू मला मराठीत म्हणाल्या. ती बाई त्यांनी अजून पाहिलीही नव्हती. निघताना म्हणाल्या, "उल्का, ते घर गेलं तर मी दिवसभर करू काय गं? टीव्ही बघू?" त्यांच्या तोंडून असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता.

काकूंच्या आयुष्यात तपासणी करायला येणाऱ्यांची भीती कधी नव्हती. इन्स्पेक्शन आलं की काय करायचं हे त्यांना पाठ. जमीन पुसायची, पडदे धुवायचे, आणि गाद्यांना ऊन दाखवायचं. नागपूरला दर मे महिन्यात वसतिगृहाच्या गच्चीवर गाद्या, उशा, गरम कपडे पसरायचे. उन्हाने कुबट वास जातो, किडा-बिडा असला तर तोही जातो. शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. माझी सुट्टी होती, हे त्यांनी विचारलं नव्हतं, गृहीत धरलं होतं.

"काकू, म्युझियमच्या वस्तूंना असं ऊन देतात का? रंग उडतो म्हणे."

"काळ्या कोटाचा काय रंग उडणार? दुलईला नाक लावून बघ, मग बोल."

मी नाक लावलं. मग बोलले नाही. गच्ची नव्हती, मागे झाडांची सावली, तेव्हा ऊन होतं ते पुढच्या हिरवळीवर. आम्ही दोघींनी गादी, उशा, दुलई, गालिचा, एक स्टूल, दोन लोकरी शाली आणि हँगरला लावून तो कोट असं सगळं बाहेर आणून रस्त्याच्या कडेपर्यंत ऐसपैस मांडलं. काकूंनी देणगीची लाकडी पेटीसुद्धा पुसायला म्हणून बाहेर आणली आणि स्टुलावर ठेवली. मग मला डांबराच्या गोळ्या आणायला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात पिटाळलं. तिथे शनिवारी पार्किंग मिळवायचं म्हणजे जन्म जातो.

मी परत आले तर गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या. हिरवळीवर माणसंच माणसं. एक बाई गालिच्याची कड उलटून बघत होती, एक गृहस्थ गादी दाबून पाहत होते. आणि दारात काकू, चेहरा फुललेला.

"उल्का, पाहिलंस? एवढी गर्दी कधी झाली नव्हती. मी आताच एका फॅमिलीला आतून सगळं दाखवलं. बिचारे स्वयंपाकघरात कढईची किंमत विचारत होते. मी म्हटलं, इट इज प्राइसलेस. शूज काढून बसवलं त्यांना, पूर्ण ऐकून गेले."

"काकू, हे लोक तुम्हाला काय विचारतायत?"

"हाऊ मच विचारतात. मी म्हणते, अ‍ॅज यू लाइक, पेटीत टाका. आपल्याकडे तिकीट कुठे आहे?"

मी हिरवळीवर नजर फिरवली. हँगर होता. कोट नव्हता.

आता हे मी त्यांना कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की अमेरिकेत घरातलं सामान अंगणात मांडणं म्हणजे ते विकायला काढणं, त्याला यार्ड सेल म्हणतात, हे मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. काकू ऐकत होत्या.

"म्हणजे ते शनिवारी लोक सामान मांडून बसतात ना," त्या म्हणाल्या, "ते विकायला?"

"मग तुम्हाला काय वाटायचं?"

"मला वाटायचं, इथले लोकही दाखवतात ऊन. मनात म्हणायची, बरी शिस्त आहे."

मला हसू आलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते तिथेच जिरलं. मग त्यांना आठवलं, एका माणसाने तो कोट अंगात घालून पाहिला होता. काकूंना वाटलं फोटो काढायला घातलाय. मग काकू त्या कुटुंबाला घेऊन आत गेल्या. पेटीत पैसे होते. तो माणूस चोर नव्हता, त्याने 'अ‍ॅज यू लाइक' पैसे टाकले होते.

आम्ही गर्दी हटवली, सामान आत नेलं. मी गावाच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं. काकूंनी गल्लीतलं प्रत्येक दार ठोठावलं. कोट मिळाला नाही. अनातोल आले, रिकामी खुंटी पाहिली आणि पायरीवर बसले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, जुन्या कपड्यांच्या दुकानात काळे ओव्हरकोट मिळतात, एक आणून लावू, कुणाला कळणार? मला हा विचार पसंत पडला. मी तर माझ्या नवऱ्याचा जुना कोटही देऊ केला. खरं तर तो फेकायचाच होता.

काकूंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "वसतिगृहात अशा मुली असायच्या," त्या म्हणाल्या. "गादीवर उशी ठेवून पांघरूण घालायच्या आणि सिनेमाला जायच्या. उद्या मी सांगणार आहे."

"काकू, मग ती घर विकेलच ना."

"विकेल." एवढं बोलून त्या घरी गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं रुचाने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

रविवारी वेरा आली. उंच, वाळकी, हातात काठी. दारात आली आणि कुणी सांगण्याआधी वाकून बूट काढायला लागली. त्यांच्याकडेही तीच रीत असते म्हणे. काकूंच्या भुवया कौतुकाने जरा वर गेल्या, पण त्यांनी लगेच त्या जागेवर आणल्या. वेरा सरळ झाली आणि तिचं लक्ष खुंटीकडे गेलं.

"कोट कुठे आहे?"

अनातोल छताकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर पाहिलं. काकू पुढे झाल्या आणि आपल्या वसतिगृही इंग्रजीत म्हणाल्या, "मी घालवला. काल सगळ्याला ऊन दाखवायला बाहेर ठेवलं. लोकांना वाटलं विकायला आहे. एक माणूस घेऊन गेला. पैसे पेटीत आहेत. यात अनातोलची काही चूक नाही."

वेरा बूट घालायच्या बाकावर बसली. मग बोलली ती आमच्याशी नव्हे, भिंतीशी बोलल्यासारखी. लहानपणी तिला कुत्रं पाळायचं होतं. वडील म्हणाले, परत जायचंय, त्याला कसं नेणार? आईला अंगणात सफरचंदाचं झाड लावायचं होतं. वडील म्हणाले, फळं खायला आपण असणार का इथे? प्रवासाच्या पेट्या सोडल्या नाहीत, भिंतीला चांगला रंग दिला नाही. शाळेतून आली की पहिला दिसायचा तो कोट. "आज जायचं का? उद्या का? तो मला रोज हेच विचारायचा. मी टेक्सासला गेले, ते एवढ्याचसाठी. दाराशी काही टांगलेलं नाही अशा घरात मला राहायचं होतं."

काकू म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला तो नकोच होता."

"असं मी म्हटलं नाही," वेरा ताडकन म्हणाली. "तो माझ्या वडिलांचा होता. घालवायचा असता तर मी घालवला असता. तो तुमचा नव्हता."

"नव्हता," काकू म्हणाल्या. त्यावर त्यांनी एक शब्दही जोडला नाही. मी काकूंना वीस बहाणे शोधून दिले असते.

वेरा काठी टेकत वर गेली. बराच वेळ झाला, खाली येईना. शेवटी काकू वर गेल्या, मागून मी. निजायच्या खोलीत दोरी बाजूला झाली होती आणि वेरा वडिलांच्या पलंगावर, त्या पिसांच्या दुलईत नाक खुपसून, गाढ झोपली होती. आदल्या दिवशीच्या उन्हाचा वास त्या दुलईला अजून येत होता. एवढा लांबचा प्रवास करून आलेली म्हातारी बाई ती. काकूंनी पायाकडची शाल उचलून तिच्या अंगावर घातली, पडदा ओढला आणि मला हाताने खुणावून बाहेर काढलं.

खाली दार वाजलं. एक जोडपं संग्रहालय बघायला आलं होतं. काकू बाहेर जाऊन कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "टुडे क्लोज्ड. पर्सन इज स्लीपिंग." त्या जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. ज्याचं घर बघायला ते आले होते, तो तर केव्हाच गेलेला.

वेरा उठून खाली आली तेव्हा काकूंनी चहा टाकला होता. आल्याचा. चौघं स्वयंपाकघरात बसलो. वेराने पहिला घोट घेतला, दचकली, दुसरा घेतला. मग आपण होऊन सांगायला लागली. टाइपरायटर, कागद, पुस्तकं विद्यापीठाला द्यायची. तिथे हातमोजे घालून वस्तू हाताळणारी माणसं आहेत. हे म्हणताना तिने काकूंकडे पाहिलं नाही, पण काकूंनी मान खाली घातली.

"आणि घर?" अनातोलनी विचारलं.

"घर विकत नाही इतक्यात. मी राहणार आहे इथे. निदान हिवाळ्यापर्यंत." तिने कप खाली ठेवला. "टेक्सासला मुलगी फार चांगली आहे. मला काही करू देत नाही. म्हणते, ममा, बस."

काकूंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे संग्रहालय बंद," अनातोल म्हणाले.

"बंद," वेरा म्हणाली आणि काकूंसमोर हात पसरला. "किल्ली."

काकूंनी कमरेची किल्ली काढली. पदराने एकदा पुसली आणि वेराच्या हातावर ठेवली. मला त्या बाईचा इतका राग आला की मी कप विसळायच्या निमित्ताने उठले. सकाळी काकूंना खोटं बोलायला लावायला हवं होतं, असंही मनात आलं.

वेराने किल्ली आपल्या गाऊनसारख्या लांब झग्याच्या खिशात टाकली. "ही पुढच्या दाराची," ती म्हणाली. "तिथून फिरते विक्रेते येतात आणि पोस्टमन. तुम्हाला ती लागणार नाही. मागचं, स्वयंपाकघराचं दार मी दिवसा लावणार नाही. आईच्या मैत्रिणी तिथूनच यायच्या."

काकू उठल्या, चपला घातल्या. एवढंसं अंतर, तरी मी त्यांना गाडीत घालून घरी आणलं. वाटेत मला वाटलं, आता रडतील. तर म्हणाल्या, "त्या टेक्सासला हिला जेवायला काय घालतात गं? हाडं मोजून घ्यावी अशी झालीय." आणि मग मीच गाडी कडेला घेऊन नाक पुसलं. अ‍ॅलर्जी, असं सांगितलं. मे महिन्यात इथे ते चालून जातं.

सोमवारी सकाळी माझी मीटिंग चालू होती. खिडकीतून काकू दिसल्या. नेहमीसारख्याच निघालेल्या, हातात झाकण लावलेलं पातेलं. ते रुचाच्या ओट्यावरून त्यांनी न विचारता उचललं होतं, हे मला नंतर कळलं. मी कॅमेरा बंद केला आणि मागच्या गॅलरीत गेले. तिथून ती गल्ली दिसते. काकू कवीच्या घरापाशी आल्या. पुढच्या पायऱ्यांशी सवयीने थबकल्या. मग कुंपणाच्या कडेने मागे वळल्या, आणि दार न वाजवता आत गेल्या.